रबरासाठीं देह झिजविणारा चार्ल्स गुडइयर

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाकडे वैशाखाच्या उन्हांत सायकलीनें जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनांत, तापलेल्या रस्त्यावर चाकाचें रबर वितळत कसें नाहीं, हा प्रश्न क्वचितच येत असेल. या एका प्रश्नापायीं ज्या पुरुषानें आपलें सारें आयुष्य वेंचलें, त्याचें नांव चार्ल्स गुडइयर.

त्याचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजीं अमेरिकेंतील न्यू हेवन येथें झाला. पुढें लोखंडी सामानाचा धंदा बुडून कर्जापायीं त्यास तुरुंगवासहि घडला. त्या काळीं रबराच्या वस्तु हिवाळ्यांत कडक होऊन तडकत व उन्हाळ्यांत चिकट होऊन बिघडत. हा दोष घालविण्याचा त्यानें ध्यास घेतला. मॅग्नेशिया, चुना इत्यादि पदार्थ त्यानें रबरांत मिसळून पाहिले. नत्राम्लानें चिकटपणा गेलासें वाटून १८३७ सालीं त्यानें सरकारी टपालाच्या पिशव्यांचें काम पत्करलें. परंतु उष्णतेपुढें त्या टिकल्या नाहींत. रबर वरवर सुधारलें होतें, आंतून तें पूर्वीचेंच होतें.

नॅथॅनियल हेवर्ड याजकडून त्यास गंधकाचा उपयोग कळला. १८३९ सालीं गंधक मिसळलेलें रबर तापलेल्या शेगडीस लागलें. तें वितळलें नाहीं, चामड्यासारखें करपलें! पांच वर्षें शोधांत गढलेल्या दृष्टीस त्याचें मर्म तत्काळ उमगलें. मात्र उष्णता किती व किती वेळ द्यावी, हें ठरविण्यांत पुढें फार काळ गेला. त्या दारिद्र्यांत मुलांचीं शाळेचीं पुस्तकेंहि विकावीं लागलीं.

रबराचे रेणु म्हणजे लांबलचक सांखळ्या होत. नुसता मिसळलेला गंधक त्यांस बांधीत नाहीं. योग्य आंच मिळतांच तो त्यांच्यामध्यें दुवे जोडतो. मग त्या उन्हाळ्यांत एकमेकींवरून घसरून जात नाहींत, आणि ताणलेलें रबर पुनः पूर्वस्थितीस येतें.

१५ जून १८४४ रोजीं त्यास अमेरिकेंत पेटंट मिळालें. इंग्लंडांत मात्र टॉमस हॅन्कॉक यानें आधींच अर्ज केला होता. १ जुलै १८६० रोजीं न्यूयॉर्क येथें गुडइयर निवर्तला, तो कर्जांतच. १८९८ सालीं त्याच्या नांवानें निघालेल्या कंपनीशीं त्याच्या कुटुंबाचा कांहीं संबंध नव्हता.

मिसळणें निराळें आणि एकजीव होणें निराळें. पाठ केलेली विद्याहि अभ्यासाच्या आंचेवांचून मुरत नाहीं. ज्याच्या मुलांचीं पुस्तकें विकलीं गेलीं, त्याच्या श्रमांवर आपलीं मुलें पुस्तकें घेऊन सायकलीनें शाळेस येतात, हें आपण विसरूं नये.