कृष्णाकाठी ऊस रुजवणाऱ्या वसंतदादांनी 'पाणी अडवा, पाणी जिरवा' का हाती घेतलं?

पाचगणीला गेलं की पारशी पॉईंटवर फोटो निघतोच. त्या फोटोत मागे दिसणारं पाणी धोम धरणाचं, म्हणजेच कृष्णेचं. ही नदी जिथं उगम पावते त्या महाबळेश्वरात वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आणि तिच्याच पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडीत जेमतेम 500.

एकाच नदीची ही दोन टोकं. याच नदीकाठी वसंतदादा पाटील वाढले.

दादांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 चा. गाव सांगलीजवळचं पद्माळे. शिक्षण शाळेतच थांबलं, पण स्वातंत्र्यलढ्यात दादा सगळ्यात पुढे होते. 24 जुलै 1943 ला त्यांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला. त्यात गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. नदीकाठी मोटारी बसल्या, सहकारी उपसा योजना आल्या, जोंधळ्याच्या रानात ऊस डोलू लागला. घरं पक्की झाली, पोरं शिकली.

पण ऊस वर्षभर पाणी पितो. पाटानं भरमसाट पाणी दिल्यामुळं कृष्णाकाठची कितीतरी जमीन खारावली. आणि तिकडं पूर्वेचे तालुके कोरडेच राहिले.

1983 मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा कार्यक्रम गावोगाव पोहोचला. बांध घाला, नाले अडवा, पाणी मुरू द्या, विहिरीला पाझर फुटेल. धरण नसलेल्या गावालाही हे जमण्यासारखं होतं.

मात्र याला मर्यादाही आहेत. पाऊसच पडला नाही तर अडवणार काय? आणि वरच्या गावानं सगळंच अडवलं तर कोरड्या वर्षात खालच्या गावाला काय उरणार?

मग नदीचं पाणी उचलून न्यायचं. पुढे झालेल्या टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आटपाडीकडं, माण नदीच्या खोऱ्यात नेलं. पण माण भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे हिशोब शेवटी एकाच खात्यातला. बच्छावत लवादानं 1976 च्या निवाड्यात या सगळ्या खोऱ्यासाठी महाराष्ट्राला 560 टीएमसी पाणी दिलं. पाणी कुठंही न्या, त्यानं ते वाढत नाही.

1 मार्च 1989 ला दादा गेले. पुण्याजवळ मांजरीला त्यांच्या नावाची साखर संस्था आहे. तिथं कमी पाण्यात ऊस कसा घ्यायचा यावर काम चालतं. ठिबकनं पाणी वाचतं, हे खरंच. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यानं अजून एक एकर ऊस लावला, तर जतच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही.

पाणी अडवायचं कसं, हे महाराष्ट्र दादांच्या काळात शिकला. वाचलेलं पाणी कुणाला द्यायचं, हे ठरवणं अजून बाकी आहे.