गोदामातला ऑर्गन

हॅमंड ऑर्गनची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात आपटा, आवाज तेवढाच येतो. पियानोचं तसं नाही. तिथे पट्टीच्या मागे हातोडी असते, ती तारेवर बसते आणि बोटातला जोर थेट कानापर्यंत पोचतो. हॅमंडची पट्टी म्हणजे विजेचं बटण. दाबलं की सूर सुरू, सोडलं की बंद, आणि मधल्या वेळात तो सूर ना वाढतो ना विरतो. अशा वाद्यावर ठोका कुठून आणायचा? अमेरिकेतल्या जिमी स्मिथने या प्रश्नाचं उत्तर बोटांनी आणि पायांनी शोधून काढलं. पुढे फंक वाजवणाऱ्या ऑर्गनवाल्यांनी त्याच्याकडूनच घेतलं.

आपल्या अंकात एरवी कवी-लेखकांची चरित्रं येतात, मग हा ऑर्गनवाला मध्येच कशाला, असं कुणी विचारेल. तर कारण घरचंच आहे. आदिलाबादला आमच्या चर्चमध्ये ढोलक वाजवणारा दादा नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि तालाचं सगळं ओझं कीबोर्डवर, म्हणजे माझ्यावर, आलं. गीतं बहुतेक तेलुगू, अधूनमधून एखादं मराठी. गाणारे वीस-बावीस जण. ठोका नसला की गीत तिसऱ्या कडव्यापर्यंत इतकं रेंगाळतं की फादर वेदीवरून आमच्याकडे बघायला लागतात. सूर धरणाऱ्या वाद्यातून ताल काढता येतो का, हे शोधता शोधता मी जिमीपर्यंत पोचले.

जिमीच्या आधी त्याच्या वाद्याबद्दल थोडं सांगायला हवं. लॉरेन्स हॅमंड हा इंजिनिअर, विजेची घड्याळं बनवणारा. स्वतःला वाजवता येत नव्हतं. घड्याळाची मोटर नेमक्या गतीने फिरते, तर तिच्यावर दातेरी चकत्या बसवून सूर काढता येतील, हे त्याने ओळखलं आणि १९३५ मध्ये त्याचा ऑर्गन बाजारात आला. मोठ्या नळ्यांचा पाइप ऑर्गन ज्यांना परवडत नाही अशी चर्चेस हे त्याचं मोठं गिऱ्हाईक. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या चर्चेसनी तो घेतला आणि आपला करून टाकला. तिथे प्रवचन रंगात आलं की ऑर्गनवाला मागून उपदेशकाच्या वाक्यावाक्याला दाद देतो, अगदी कीर्तनात पेटीवाला देतो तशी.

जिमीचा जन्म फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिस्टाउनचा, ८ डिसेंबरचा. साल काही नोंदींत १९२५ आहे, काहींत १९२८. घरात पियानो होता, आईवडील दोघंही वाजवायचे. वडिलांबरोबर तो लहानपणीच रंगमंचावर गाण्या-नाचण्याचे कार्यक्रम करायला लागला. नवव्या वर्षी बूगी-वूगी पियानो वाजवून त्याने एक स्पर्धाही जिंकली. पुढे नौदलात गेला. तिथून सुटल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर तो फिलाडेल्फियात संगीत शिकला. १९४८ मध्ये हॅमिल्टन स्कूलमध्ये डबल बेस, म्हणजे उभं राहून वाजवतात तो मोठा खर्जाचा तंतुवाद्य प्रकार, आणि त्यानंतर ऑर्नस्टाइन स्कूलमध्ये पियानो. बेस शिकला हे मला पियानोपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे त्याच्या डाव्या हाताने जे केलं त्याचं मूळ तिथे आहे.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो एका नाचगाण्याच्या बँडमध्ये पियानो वाजवत होता. क्लबांतले पियानो बेसूर असायचे, आणि या गोष्टीला तो कंटाळला होता. त्याच सुमारास त्याने वाइल्ड बिल डेव्हिसला हॅमंड वाजवताना ऐकलं. पायाखालच्या पट्ट्या शिकायला किती काळ लागेल असं त्याने डेव्हिसला विचारलं, तर उत्तर मिळालं ते कित्येक वर्षांचं. ऐकून एखादा परत पियानोकडे गेला असता. जिमीने कर्ज काढून ऑर्गन घेतला आणि एका गोदामात ठेवला. त्याने पुढे मुलाखतींतून जे सांगितलं त्यावरून, जवळजवळ वर्षभर तो रोज डबा घेऊन तिथे जायचा आणि दिवसभर वाजवत बसायचा. पायपट्ट्यांचं चित्र काढून त्याने समोर भिंतीवर लावलं होतं, म्हणजे मान खाली घालून पाय बघायला नकोत.

त्या गोदामात त्याला शिकवणारं कुणी नव्हतं, ऐकणारंही नव्हतं. मला त्याच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात जास्त खेचून घेतो. डेव्हिसची पद्धत होती दोन्ही हातांनी भरगच्च स्वरसमूह वाजवून अख्ख्या वाद्यवृंदाचा भास करायची. ती उचलली असती तर वर्षभर लागलंच नसतं. जिमीने वाद्याची वाटणी वेगळी केली. डावा हात खालच्या पट्ट्यांवर बेसची चाल चालवणार. पाय त्या चालीतल्या स्वरांना खालून नुसता टिचकीसारखा स्पर्श देणार, की प्रत्येक स्वराच्या तोंडाशी तार छेडल्यासारखा ठसका यावा. उजवा हात मोकळा. त्या हाताने तो ऑर्गनवाल्यासारखं वाजवतच नव्हता, सॅक्सोफोनवाल्यासारखं वाजवत होता: चार्ली पार्करच्या धाटणीची एकेरी, धावती, मध्येच श्वासाला थांबणारी ओळ.

आता ठोक्याकडे येते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर हॅमंडचं बी-३ मॉडेल आलं. दोन मजली ६१-६१ पट्ट्या, खाली पायाच्या २५, आणि वजन दीडशे किलोच्या पुष्कळ वर. त्यावर ‘पर्कशन’ नावाची चार बटणं नवीन होती. ती चालू केली की स्वराच्या सुरुवातीला एक टणक, झटकन विरणारा नाद उमटतो, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. पण त्यात एक गोम आहे. तो नाद सगळी बोटं उचलल्यानंतरच्या पहिल्या स्वरालाच येतो. एक जरी पट्टी दाबलेली राहिली तरी पुढचे स्वर गुळगुळीत, ठोक्याविना. म्हणजे ठोका हवा असेल तर जोर लावून उपयोग नाही, बोट वेळेवर सोडायला शिकलं पाहिजे. जिमी याचा दोन्ही अंगांनी वापर करतो. ओळ तोडून वाजवली की प्रत्येक स्वर टक्‌टक् बोलतो. मग एक वरचा स्वर तो धरूनच ठेवतो, कितीतरी आवर्तनं, आणि बाकीच्या बोटांनी खाली वाजवत राहतो. तेवढा वेळ टणकपणा गायब. बोट उचलतो तेव्हा तो परत येतो आणि ऐकणारा दचकतो.

दुसरी गंमत कारखान्याच्या दृष्टीने दोषच होती. प्रत्येक पट्टीखाली नऊ बारीक संपर्क-तारा असतात. त्या जुळताना ‘टिक्’ असा आवाज येतो. हॅमंडचे इंजिनिअर तो काढून टाकायच्या मागे होते. वाजवणाऱ्यांना मात्र तोच हवा होता, कारण त्यामुळे स्वराला धार येते.

आपल्याकडची पेटीही धरल्या सुराचीच. म्हणून तर तिच्यात मींड नाही या आक्षेपावरून १९४० मध्ये रेडिओने तिला साथीतूनही हद्दपार केलं होतं. पण संगीत नाटकात ऑर्गनची साथ ऐकली असेल तर आठवेल, तान संपते तिथे वाजवणारा बोटं पटकन काढून घेतो आणि ती मोकळी जागा तबला भरतो. जिमीकडे तबला नसला तरी तो जागा मोकळी ठेवतो. ही तुलना माझी, जाणकारांना पटेल न पटेल.

जानेवारी १९५६ मध्ये तो न्यूयॉर्कला, हार्लेममधल्या स्मॉल्स पॅरडाइजमध्ये वाजवत असताना ब्लू नोट कंपनीच्या आल्फ्रेड लायनने त्याला ऐकलं. पुढच्याच महिन्यात ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि आठेक वर्षांत चाळीसच्या आसपास सत्रं झाली. त्याआधी ऑर्गन म्हटलं की लोकांना स्केटिंगचे हॉल आणि रेडिओवरच्या रडक्या मालिका आठवायच्या. जॅझवाले त्याला गंभीर वाद्य मानायला तयार नव्हते. काही वर्षांतच अमेरिकेच्या शहराशहरांत ऑर्गन, गिटार आणि ड्रम असं त्रिकूट क्लबांतून दिसायला लागलं. बेसवाल्याचा पगार वाचतो, हेही क्लबमालकांच्या लक्षात आलं असणारच!

१९५८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘द सर्मन’ ही त्याची रचना जवळजवळ वीस मिनिटांची आहे. नावाचा अर्थच प्रवचन. साधा ब्लूज, एकामागून एक वादक येतात, आपलं सांगतात, आणि मागे जिमी दाद देत राहतो. चर्चमधला ऑर्गनवाला क्लबात गेला तरी त्याची सवय सुटली नाही, असं ऐकताना वाटतं. काही भाविकांना हे आवडत नसे. आपल्याकडेही हा वाद आहेच: नाचाची लय देवळात-चर्चमध्ये चालते का? व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ मध्ये पाइप ऑर्गनला मानाचं स्थान दिलं आणि इतर वाद्यांना, ती उपासनेला शोभणारी असतील तर, तिथल्या धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने परवानगी ठेवली. पैनगंगेच्या अलीकडे, दिवाळीत जिथे गोंड गावांत दंडारीचे ढोल रात्रभर घुमतात, तिथे वाढलेल्या माणसाला लय अपवित्र वाटणं अवघडच आहे. माझं मत विचाराल तर, ठोका गाणाऱ्यांना एकत्र ठेवत असेल तर तो उपासनेचाच भाग.

१९६२ पासून जिमी व्हर्व्ह कंपनीकडे गेला. मोठे वाद्यवृंद, गाजलेल्या तबकड्या, दौरे. या काळाबद्दल मला फारसं सांगावंसं वाटत नाही. पैसा आला, पण पुष्कळ वेळा वाद्यवृंदाच्या गर्दीत त्याचा डावा हात ऐकूच येत नाही.

मग ८ फेब्रुवारी १९७२ ची रात्र. लॉस एंजेलिसमधल्या क्लबचं नाव ‘बॉम्बे बायसिकल क्लब’, वाचून हसू येतं. तोपर्यंत जेम्स ब्राउनचं फंक सगळीकडे पसरलं होतं. फंकमध्ये एका मात्रेचे चार तुकडे करून वाद्यं एकमेकांच्या फटीत वाजतात, आणि सगळा भार पहिल्या ठोक्यावर. आपल्या भाषेत, समेवर. त्या रात्री जिमीबरोबर विल्टन फेल्डर बेस गिटारवर होता. जो डावा हात गोदामापासून बेस चालवत आला, तो त्या रात्री असा रिकामा झाला. ‘रूट डाउन’ ऐका. दोन्ही हात तुटक स्वरसमूह फेकतात, काही स्वर तर इतके आखूड की सूर कळायच्या आत संपतात, नुसता टिक् उरतो. ड्रमवर पॉल हम्फ्री, गिटारवर आर्थर अ‍ॅडम्स, आणि ऑर्गन जणू तिसरं तालवाद्य.

मी शिकते आहे ते हेच, पण चर्चच्या साध्या कीबोर्डवर. आधी गीताचा फक्त ठेका मांडीवर. मग एकच स्वरसमूह, मात्रेच्या चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या तुकड्यावर, तापल्या तव्याला बोट लागल्यासारखा उचलून. सम डाव्या हाताची. सगळ्यात कठीण जातं ते काहीच न वाजवणं. रिकाम्या जागेत हात आपोआप खाली जातो. गायनवृंदातली एक काकू म्हणाल्या, आता टाळी कुठे वाजवायची ते कळतं. फादर अजून काही बोललेले नाहीत.

‘रूट डाउन’नंतरची वर्षं उताराची. हलके सिंथेसायझर आले, इतकं जड वाद्य जिने चढवायला कुणी तयार होईना, आणि दशकाच्या मध्यावर हॅमंडने चकत्यांचे ऑर्गन बनवणंच थांबवलं. जिमीने बायको लोलाबरोबर नॉर्थ हॉलीवूडमध्ये स्वतःचा क्लब काढला, तो काही वर्षांत बंद पडला. १९८७ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘बॅड’ गाण्यात ऑर्गनचा जो छोटा तुकडा आहे तो जिमीचा. कोट्यवधी लोकांनी त्याला नाव न कळता ऐकलं. १९९४ मध्ये बीस्टी बॉईज या रॅप गटाने ‘रूट डाउन’चा तुकडा आपल्या गाण्यात वापरला, गाण्याला नावही तेच दिलं, आणि तरुण मुलं जुन्या तबकड्या शोधायला लागली. २००५ च्या जानेवारीत अमेरिकेचा जॅझमधला मोठा राष्ट्रीय सन्मान त्याला मिळाला.

त्यानंतर महिनाभरातच, ८ फेब्रुवारीला, अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला तो गेला. बॉम्बे बायसिकल क्लबमधल्या रात्रीला त्या दिवशी बरोबर ३३ वर्षं झाली होती. त्याची शेवटची तबकडी ‘लेगसी’ त्याच वर्षी निघाली. तिच्यात त्याच्यासोबत दुसऱ्या ऑर्गनवर जोई डिफ्रांचेस्को आहे, फिलाडेल्फियाच्याच बाजूचा, आणि लहानपणापासून जिमीच्या तबकड्या ऐकत शिकलेला.