उपासनेला मराठी कंठ देणारे टिळक

टिळक म्हटले की पुणेकरांना केसरीवाडा आठवावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच आडनावाचा, त्याच चित्पावन कुळातला आणि त्याच पिढीतला दुसरा एक पुरुष मराठी भाषेला वेगळ्या अर्थाने ऋणी करून गेला. ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शाळेत शिकताना ज्यांचे डोळे ओलावले, त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते की तिच्या कवीच्या, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्याचा उत्तरार्ध एकाच प्रश्नाने व्यापला होता. मराठी माणसाने ख्रिस्ताची भक्ती कोणत्या सुरात करावी, हा तो प्रश्न.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. आई लवकर गेली. शिक्षण नाशकात झाले, संस्कृतावर प्रभुत्व आले आणि कविता तर अंगातच होती. पोटासाठी गावोगाव मास्तरकी केली. परंतु एका जागी टिकणे या माणसाच्या स्वभावातच नव्हते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तो काळ कसा होता हे पुण्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा घेतल्याच्या आरोपावरून शहर दुभंगले होते. प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे गाजत राहिला. जिथे चहाच्या पेल्याने एवढे घडत होते, तिथे बाप्तिस्म्याने काय घडले असेल याची कल्पना करावी. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या आश्रयास गेल्या आणि सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली.

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळक रमले खरे, पण रविवारच्या उपासनेत त्यांचा जीव गुदमरू लागला. गीते मराठीत होती, परंतु त्यांतील बरीचशी इंग्रजीवरून उतरविलेली आणि परक्या चालींत बसविलेली. यातील अडचण केवळ अभिमानाची नाही, ती छंदशास्त्राची आहे. इंग्रजी पद्य आघातावर चालते, मराठी पद्य अक्षरांच्या व मात्रांच्या मोजणीवर. परक्या चालीत शब्द कोंबला की ऱ्हस्व ताणावे लागते, दीर्घ चेपावे लागते, आणि गाणाऱ्याला आपण काय म्हणतो आहोत याचा पत्ताच राहत नाही. शिवाय पुस्तक हाती धरून गाण्याची पद्धत निरक्षराला मुकी करते. उलट अभंगाचा चरण एकाने म्हणावा आणि बाकीच्यांनी तो उचलावा; तिसऱ्या खेपेस न वाचता येणारी म्हातारीही त्यात सामील होते. हे सामर्थ्य वारकऱ्यांनी शतकानुशतके सिद्ध केले होते.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक मानीत. म्हणून त्यांनी शेकडो अभंग, पदे, भजने रचली, कीर्तने केली, ‘अभंगांजली’त स्वतःच्या एकांतातील आर्जवे ग्रथित केली. या वाटेवरचे ते पहिलेच पांथस्थ होते असे मात्र नव्हे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोमंतकात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले होते, आणि नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची मशागत केली होती. इकडे प्रार्थनासमाजात रानडे-भांडारकरांची मंडळी साप्ताहिक उपासनेची प्रोटेस्टंट धाटणी स्वीकारून तीत तुकोबांचे अभंग गात होती. टिळक नेमके उलट्या दिशेने आले, आणि दोघांना गरज भासली ती त्याच अभंगाची! हा योगायोग खचित नव्हे.

टाळमृदंगाला विरोध झाला, आणि तो सर्वस्वी मूर्खपणाचा नव्हता. जे सोडून आलो तेच मागील दाराने घरात घ्यायचे काय, ही शंका नवख्रिस्ती माणसाला येणे साहजिक होते. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती अस्पृश्य मानलेल्या समाजांतून आलेले. ज्या परंपरेने देवळाच्या पायरीशी अडविले तिच्या खुणा त्यांनी का मिरवाव्यात, असाही प्रश्न होता. पंडिती कीर्तनाने त्याचे उत्तर मिळाले नसते. ते मिळाले अभंगाने, कारण अभंग चोखोबांचाही होता. टिळकांची उत्तम गीते सोप्या, घरातल्या शब्दांत आहेत. त्यांतील ख्रिस्त हा मायबाप आहे, सखा आहे, गुरू आहे. आमच्या मते त्यांच्या यशाचे मर्म येथे आहे, निव्वळ चालींत नाही.

भक्तीची खरी परीक्षा मात्र घरात झाली. लक्ष्मीबाई परत आल्या त्या सोवळ्यासह. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. कमालीच्या तापट अशा या गृहस्थाने त्या बाबतीत सक्ती केली नाही. सोवळे हळूहळू आपोआप गळाले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या घरात अनाथ मुले वाढली, बालकवी ठोंबऱ्यांसारखा मुलगा राहिला, आणि हातचा पैसा परक्यांना वाटून टाकण्याच्या धन्याच्या खोडीपायी धनीणबाईंनी काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. तिथे त्यांनी नवऱ्याची गय केलेली नाही.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग सांभाळत असतानाही मिशनच्या पगारावर देवाचे गाणे गाण्याची बोच टिळकांना लागून राहिली होती. १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत, ही कल्पना तेव्हाच्या चर्चला पचण्यासारखी नव्हती. आजही सहज पचेल असे वाटत नाही. प्रयोग फुलण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो या पाद्र्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. देशी राहणीचा आणि देशी उपासनेचा तो आश्रम काही वर्षांनी पुण्यात शिवाजीनगरला आला. १९२७ मध्ये तरुण व्हेरिअर एल्विन भारतात आले ते याच संघात. मराठी चर्चमधून आजही वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे.

एक काम मात्र अपुरे राहिले होते. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायना’चे दहा-अकरा अध्यायच टिळकांच्या हातून झाले. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानेच करून दिली, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठावर अध्याय लिहिले आणि १९३६ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ छापून झाला तो त्यानंतर, १९३८ साली.