साबिकास : कानाने शिकलेला गिटारवादक

फ्लामेंको म्हटले की दक्षिण स्पेनमधला अंदालुसिया आठवतो. या कलेतला एक थोर गिटारवादक मात्र जन्मला पार उत्तरेला, पाम्प्लोना शहरात, १६ मार्च १९१२ रोजी, एका जिप्सी कुटुंबात. नाव आगुस्तिन कास्तेयोन. पावट्यासारख्या एका शेंगेचे कच्चे दाणे खाण्याची पोराला भारी हौस. त्या दाण्यांच्या स्पॅनिश नावावरून पडलेले ‘साबिकास’ हे लाडाचे नाव जन्मभर चिकटले.

चार-पाच वर्षांचा असतानाच गिटार हातात आली. शिकवायला रीतसर गुरू कोणी नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे ऐकायचे आणि बोटे तशी पडेपर्यंत घासत बसायचे, हीच तालीम. त्या काळी रामोन मोन्तोया हे फ्लामेंको गिटारचे मोठे नाव. आईकडून त्यांच्याशी नातेही होते. मुलाच्या सुरुवातीच्या वादनावर त्यांचीच छाप होती. पुढे माद्रिदला नामवंत गायकांना साथ करता करता हात तयार झाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यापैकी काहींनी चाळिशी उलटल्यावर, ऑफिस सुटल्यानंतरच्या तासाभरात, ही गिटार शिकायला घेतली आहे. आपली समजूत अशी की आधी हात बसवायचा, ताल नंतर. फ्लामेंकोत उलटे आहे. बारा मात्रांचे आवर्तन, आणि जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर. एकतालाची सवय असलेल्या कानालासुद्धा ते चकवते, कारण आपली सम पहिल्या मात्रेवर, तर त्यांचे वजन बाराव्यावर येऊन टेकते. म्हणून नवशिक्याने गिटार बाजूला ठेवून आधी टाळ्या वाजवायच्या असतात. गिटार मुळात गाण्याच्या आणि नाचाच्या साथीची, आपल्या पेटी-तबल्यासारखी. गायक कुठे थांबेल, नर्तिकेचा पाय कधी पडेल, हे ज्याला कळत नाही त्याची बोटे कितीही पळोत, त्याला साथीला कोणी बसवत नाही. साबिकास यांची बोटे विजेसारखी पळत. पण लय सुटत नसे, ती या साथीच्या वर्षांमुळे, असे आम्हाला वाटते.

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि साबिकास यांनी देश सोडला. दक्षिण अमेरिकेत कार्मेन आमाया या विलक्षण नर्तिकेबरोबर त्यांनी दौरे केले. पुढे मेक्सिको, मग न्यूयॉर्क. गायक नाही, नर्तक नाही, फक्त गिटार घेऊन एकट्याने मैफल भरवायची, हे फ्लामेंकोत तेव्हा फारसे रुळलेले नव्हते. मोन्तोयांनी ती वाट दाखवली होती, साबिकास यांनी तिचा रस्ता केला. त्यांना स्वरलिपी वाचता येत नसे. तरीही फेदेरिको मोरेनो तोर्रोबा यांच्या ‘कॉन्सिएर्तो एन फ्लामेंको’ या रचनेत ऑर्केस्ट्राबरोबर ते वाजवले. अमेरिकन गिटारवादक जो बेक यांच्याबरोबरची रॉक संगीताची त्यांची तबकडी १९७० साली निघाली. ती आम्हाला तितकीशी रुचली नाही. पण साठीकडे झुकलेल्या माणसाने असा प्रयोग करावा याचे कौतुक आहेच.

याहून मोठी गोष्ट घडली ती १९६३ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये. होसे ग्रेको यांच्या नृत्यमंडळीबरोबर पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आला होता. त्याने साबिकास यांना वाजवून दाखवले. तोवर त्याचे दैवत निन्यो रिकार्दो, आणि वादनही त्यांच्याच वळणाचे. साबिकास यांनी त्याला समजावले की वादकाने स्वतःचे संगीत वाजवले पाहिजे. मुलाला ते लागले, आणि तो रचना करू लागला. त्याचे नाव पाको दे लुसिया. गंमत अशी की, हे सांगणारा स्वतः दुसऱ्याचे ऐकून, त्याची नक्कल करत वाढलेला. नक्कल करू नको असे तो पाच वर्षांच्या पोराला कधीच म्हणाला नसता; ते ऐकण्याइतकी तयारी झालेल्या मुलालाच म्हणाला. आम्ही अजून पाच वर्षांच्या पोराच्याच जागी आहोत, तेव्हा निःशंकपणे नक्कल चालू आहे.

मायदेशी पुन्हा पाऊल ठेवायला साबिकास यांना १९६७ साल उजाडले, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ गेला. तोपर्यंत त्यांच्या तबकड्या ऐकून स्पेनमधली तरुण मुले गिटार शिकत होती, ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेही नव्हते. घर मात्र न्यूयॉर्कमध्येच राहिले. तिथेच १४ एप्रिल १९९० रोजी ते वारले. दफन झाले पाम्प्लोनात.