फावडं घेऊन गेलेला पाहुणा : पिएर सेरेसोल



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या मंडळ्यांतून हल्ली एक विषय निघतोच. कुणाची मुलगी पंधरा दिवसांसाठी नेपाळला चाललेली असते, कुणाचा मुलगा चर्चच्या गटाबरोबर आफ्रिकेतल्या एखाद्या गावी. तिथं शाळा रंगवायची, व्ही.बी.एस. घ्यायची, भिंत बांधायची आणि परत यायचं. इकडं वर्गणी गोळा होते, प्रार्थना होते, निरोप होतो. आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी वडीलधारा हळूच विचारतो, अहो, तिकिटाचेच पैसे तिकडं पाठवले असते तर जास्त काम झालं नसतं का?

प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. दोन आठवड्यांसाठी परक्या देशात जाऊन माणूस नेमकं काय देतो? या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका माणसाची ओळख वाचकांना करून द्यावी म्हणून हे पत्र. स्वयंसेवकांनी थोड्या काळासाठी परदेशी जायचं, तिथल्या लोकांसाठी अंगमेहनत करायची आणि परत यायचं, ही आज जगभर रुळलेली पद्धत घालून देणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं येतं. नाव पिएर सेरेसोल. देश स्वित्झर्लंड.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७९ रोजी लोझान शहरात झाला. घराणं साधंसुधं नव्हे. वडील पॉल सेरेसोल १८७३ मध्ये स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. पिएर यांनी झुरिकच्या नामांकित तंत्रशाळेत इंजिनिअरिंग केलं. पुढं गलेलठ्ठ पगाराची खुर्ची तयारच होती म्हणा ना. पण त्यांचा जीव तिथं रमेना. १९०९ मध्ये त्यांनी घर सोडलं आणि अमेरिका, हवाई बेटं, जपान असा पाच वर्षांचा फेरफटका मारला. वाटेत मिळेल ते काम केलं, अंगमेहनतीचंसुद्धा. राष्ट्राध्यक्षांच्या मुलाच्या हाताला घट्टे पडले ते तेव्हा. पुढं आयुष्यभर हेच घट्टे त्यांच्या उपयोगी पडले.

ते परत आले आणि पहिलं महायुद्ध पेटलं. स्वित्झर्लंड लढाईत नव्हता, तरी सैन्यात भरती सक्तीची होती. १९१५ मध्ये लोझानच्या एका तरुण शिक्षकानं ख्रिस्ती माणूस म्हणून बंदूक धरायला नकार दिला आणि त्याला तुरुंगात टाकलं. ही गोष्ट सेरेसोल यांना फार लागली. प्रकृतीच्या कारणानं त्यांना स्वतःला सैन्यात जावं लागत नव्हतं. त्याबदली फक्त एक कर भरायचा होता. रक्कम किरकोळ. पण त्यांनी तो भरायला नकार दिला आणि तुरुंगाची वाट धरली. वडिलांकडून आलेली संपत्ती ते आधीच सरकारला देऊन बसले होते. कष्ट न करता मिळालेला पैसा आपला नव्हे, असं त्यांचं मत. १९१७ मध्ये तर त्यांनी झुरिकच्या फ्रेंच चर्चमध्ये भर मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, की प्रभूची शिकवण आणि युद्ध एका घरात नांदू शकत नाहीत. मंडळीत चुळबुळ झाली असणार, यात काय शंका!

पण नुसतं नाही म्हणून सेरेसोल थांबले नाहीत, आणि इथंच ते आपल्याला जवळचे वाटतात. बंदूक नको, तर मग काय? सैनिक घरदार सोडतो, चिखलात झोपतो, जीव धोक्यात घालतो. शांतीची भाषा बोलणाऱ्यानं आरामखुर्चीत बसून बोलायचं का? युद्ध संपल्यावर हॉलंडमधल्या बिल्टहोवन गावी निरनिराळ्या देशांतले शांतीवादी ख्रिस्ती लोक जमले. परस्परांशी लढलेल्या देशांची माणसं तिथं एका टेबलाशी बसली. ठराव झाले, प्रार्थना झाल्या. पण सेरेसोल यांना हवं होतं ते ठरावांपेक्षा वेगळं काहीतरी. आपल्या देशानं फ्रान्समध्ये जे पाडलं, ते हातानं बांधून द्यायची तयारी जर्मन माणसंही दाखवत होती. त्यातून वाट निघाली.

नोव्हेंबर १९२० मध्ये व्हर्डूनजवळच्या एस्न या गावी पहिली छावणी पडली. व्हर्डूनचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचलं आहे. १९१६ साली लाखो माणसं तिथं मेली किंवा जखमी झाली. गावाची पार माती झालेली, शेतात तोफगोळ्यांचे खड्डे. या जागी सेरेसोल, त्यांचे भाऊ अर्नेस्ट, ह्युबर्ट पॅरिस नावाचे एक इंग्रज क्वेकर आणि आणखी काही जण आले. त्यांत तीन जर्मन होते. ऐन हिवाळ्यात त्यांनी गावकऱ्यांसाठी लाकडी खोपटी उभारली, रस्ता दुरुस्त केला, जमीन साफ केली. मजुरी काही नाही. सुरुवातीला लोक बिचकले, मग बोलूचालू लागले.

पण शेवट गोड झाला नाही. इथले जर्मन काढा, असा अधिकाऱ्यांचा दबाव वाढत गेला. जर्मन सोबत्यांना परत पाठवून बाकीच्यांनी काम चालू ठेवलं असतं तर अडचण मिटत होती. सेरेसोल यांनी ते केलं नाही. जर्मन नसतील तर या कामाला अर्थच काय? १९२१ च्या एप्रिलमध्ये, पाच महिन्यांनी, सगळ्यांनी सामान आवरलं. काम अर्धवट राहिलं. हिशेबानं बघितलं तर छावणी फसली. काही खोपटी, थोडा रस्ता, बस्स.

या फसण्यातून सेरेसोल जे शिकले ते आपल्या तरुणांनी समजून घेण्यासारखं आहे. पाहुण्यानं यजमानाच्या मर्जीनं यावं आणि यजमानाला नको झालं की भांडण न करता निघावं. पण राहायला मिळावं म्हणून सोबत्याला मात्र सोडू नये. भिंत किती उंच झाली यापेक्षा ती कोणी मिळून बांधली, हे त्यांच्या लेखी मोठं होतं.

१९२४ मध्ये स्वित्झर्लंडच्याच डोंगराळ भागात हिमकडा कोसळला, तेव्हा ढिगारा उपसायला त्यांनी पुन्हा माणसं जमवली. गंमत बघा, या कामात त्यांचा उजवा हात होता भाऊ अर्नेस्ट, आणि अर्नेस्ट होते स्विस सैन्यात कर्नल! एक भाऊ लष्कराच्या विरोधात तुरुंगात जाणारा, दुसरा लष्करी अधिकारी, आणि दोघं एकाच ढिगाऱ्यावर फावडं मारतायत. शिस्तही कर्नलसाहेबांना शोभेल अशीच होती. पुढं १९२७ च्या शरद ऋतूत ऱ्हाईन नदीच्या पुरानं लिक्टेनस्टाइन या चिमुकल्या देशाची शेतं दगडगोट्यांखाली गाडली. १९२८ मध्ये निरनिराळ्या देशांतून सातशेहून जास्त स्वयंसेवक तिथं आले आणि त्यांनी ती शेतं मोकळी केली. कुणी दोन आठवडे राहिलं, कुणी दोन महिने. स्वयंपाक आणि धुणं सांभाळणाऱ्या स्त्रियांना छावणीत ‘बहिणी’ म्हणत. ही चळवळ पुढं ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या नावानं ओळखली गेली.

कामाचे दंडक साधे होते. लोकांनी बोलावलं तरच जायचं. जे काम स्वयंसेवकांशिवाय होणारच नाही तेच धरायचं. गावातल्या मजुराची रोजी मारायची नाही. पगार नाही, फक्त जेवण आणि निवारा. धर्म, देश, पक्ष विचारायचा नाही आणि छावणीत कुणाच्या गळी काही उतरवायचं नाही. सेरेसोल स्वतः श्रद्धावान माणूस. १९३६ मध्ये ते क्वेकर झाले. पण त्यांची साक्ष फावड्यातून होती, तोंडातून कमी.

आता आपल्या देशाचा संबंध. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. हजारो माणसं गेली. जमीन फाटून पाणी आणि वाळू वर आली, शेतं वाळूखाली गेली, पाण्याच्या वाटा बदलल्या, आणि पुराच्या भयानं खेडी उंचावर हलवायची वेळ आली. आपल्याकडं १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावं उठवून नव्यानं वसवताना काय काय झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. सेरेसोल तेव्हा पंचावन्नच्या घरात. १९३१ च्या डिसेंबरमध्ये गांधीजी स्वित्झर्लंडला आले असताना त्यांची भेट झालेलीच होती. ते बोटीनं भारतात आले, गांधीजींना आणि मदतकार्य बघणाऱ्या राजेंद्रप्रसादांना भेटले, आणि मग मुजफ्फरपूर भागात मूठभर युरोपीय सोबत्यांसह गावकऱ्यांबरोबर कामाला लागले. नव्या वस्तीपैकी एकीचं नाव शांतीपूर.

जरा विचार करा, तो काळ कुठला? राज्य इंग्रजांचं, काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगात जाऊन-येऊन. गोरा माणूस म्हणजे साहेब, आणि साहेब घोड्यावर बसून हुकूम सोडणारा. इथं मात्र गोरा माणूस उन्हात माती वाहतोय. मदतीच्या पैशांवरून सरकार आणि काँग्रेसवाले एकमेकांकडं संशयानं बघत, तेव्हा सेरेसोल दोघांशी बोलत, दोघांना एका कामाला जुंपायचा प्रयत्न करत. माती किती वाहिली, तर एखाद्या बिहारी मजुरापेक्षा कमीच असणार; त्याला ऊन सोसवतं, यांना नाही. तरीही चार-पाच माणसांच्या या येण्याजाण्याला १९३७ पर्यंत खंड पडला नाही.

शेवटची वर्षंही स्वस्थपणाची नव्हती. १९४१ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी लीझ डाव्हिड यांच्याशी लग्न केलं. १९४२ मध्ये युद्ध ऐन भरात असताना ते शांतीचा निरोप घेऊन, परवान्याशिवाय, हद्द ओलांडून हिटलरच्या जर्मनीत शिरले आणि पकडले गेले. तुरुंग त्यांना नवा नव्हताच. युद्ध संपलेलं बघून २३ ऑक्टोबर १९४५ रोजी लोझानजवळ त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या हयातीत त्यांची मूळ मागणी मान्य झाली नाही. सैनिकी सेवेऐवजी नागरी सेवेची सोय करा, असा अर्ज चाळीस हजारांच्या आसपास सह्यांनिशी स्विस संसदेपुढं गेला होता, तो १९२४ मध्ये फेटाळला गेला. तशी सोय तिथं झाली १९९६ मध्ये, म्हणजे बहात्तर वर्षांनी. संस्था मात्र आजही आहे, भारतातही तिची शाखा आहे.

म्हणून मागच्या बाकावरच्या त्या वडीलधाऱ्यांना उत्तर द्यायचं तर असं देता येईल. तिकिटाच्या पैशांत तिकडं जास्त विटा आल्या असत्या, हे खरंच आहे काका. नुसत्या विटाच लावायच्या असतील तर पैसेच पाठवा. पण जायचं असेल तर आधी तिकडून बोलावणं आहे का ते बघा. तिथल्या गवंड्याचं काम आपण हिसकावत नाही ना, ते विचारा. तिथल्या माणसाच्या हाताखाली काम करायची तयारी ठेवा. फोटो कमी काढा. आणि घरी परतल्यावर त्या गावातल्या माणसांची नावं सांगता आली नाहीत, तर प्रवास झाला, सेवा नाही, असं खुशाल समजा.

यंदा निघणाऱ्या सगळ्या मुलामुलींना सलाम आणि आशीर्वाद.

आपला,
एक वाचक, बेळगाव