धंदा सोडून संघात गेलेला वसईकर: संत गोन्सालो गार्सिया

बोरिवलीहून विरार लोकल पकडली आणि भाईंदरची खाडी ओलांडली की वसई येते. पोर्तुगीज अमलातल्या याच वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. जेझुइट धर्मगुरूंकडे शिकून ते तरुणपणीच जपानला गेले. तिथली भाषा शिकले, धर्मशिक्षणाचे काम केले. पण जेझुइट संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही.

मग मकाव गाठून त्यांनी व्यापार सुरू केला आणि त्यात जमही बसला. खरी कसोटी इथे होती. चांगला पैसा मिळत होता आणि व्यापार करूनही श्रद्धा पाळता येत होती. तरीही मनातली ओढ गेली नाही. धंदा सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले.

१५९३ मध्ये दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारले गेले. त्यांत गोन्सालोही होते.

१८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. वसईतल्या गास गावचे चर्च त्यांच्याच नावाने ओळखले जाते.