पिंपळाखालचा ‘एल’

शाळेच्या सहलीत एका बागेतल्या पिंपळाला ठोकलेली पत्र्याची पाटी मी पहिल्यांदा वाचली. वर ‘पिंपळ’, खाली ‘फायकस रिलिजिओसा’ आणि शेवटी एकटाच ‘एल’. पुढे वडाखाली, आंब्याखालीही तोच ‘एल’ भेटला. ती एका माणसाची सही आहे, हे मला फार उशिरा कळले.

तो माणूस म्हणजे कार्ल लिनिअस. दक्षिण स्वीडनमधल्या एका खेड्यात २३ मे १७०७ रोजी तो जन्मला. वडील निल्स धर्मोपदेशक आणि बागेचे वेडे. त्या काळी तिथल्या साध्या माणसांना आडनाव नसे. बापाच्या नावावरच काम भागे. विद्यापीठात नाव घालायची वेळ आली, तेव्हा निल्स यांनी गावाकडच्या एका मोठ्या लिंडेन वृक्षावरून ‘लिनिअस’ हे आडनाव घेतले. पुढे हजारो झाडांचे बारसे करणाऱ्या मुलाचे स्वतःचेच नाव असे झाडाकडून आलेले!

मुलाने वडिलांची गादी चालवावी, ही घरच्यांची इच्छा. पण त्याचे लक्ष रानात. अखेर रोथमन नावाच्या डॉक्टर शिक्षकाने त्याला वैद्यकाकडे वळवले. औषधे बहुतेक वनस्पतींचीच, त्यामुळे त्याला हवे तेच मिळाले. उप्सालाला गरिबीत शिकून १७४१ मध्ये तो तिथेच प्राध्यापक झाला.

तेव्हा वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधले लांबलचक वर्णनच असे. खोड कसे, पाने कशी, काटे आहेत की नाहीत, सारे त्या नावातच. नवी जात सापडली, की जुनी नावे आणखी लांबवायची. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात लिनिअसने सुमारे सहा हजार वनस्पती नोंदवल्या आणि प्रत्येकीच्या वर्णनाशेजारी, समासात, एकेक सुटसुटीत शब्द छापला. कुळाच्या नावाला तो जोडला, की झाले नाव तयार. आपल्या आडनाव आणि नावासारखेच. १७५८ मध्ये प्राण्यांनाही त्याने हीच रीत लावली. गंमत अशी, की त्याला खरा अभिमान होता तो फुलातले केसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडण्याच्या आपल्या पद्धतीचा. ती कधीच मागे पडली. सोय म्हणून समासात घातलेला शब्द मात्र टिकला.

पण पिंपळ स्वीडनमध्ये उगवत नाही. मग त्याला तो कळला कसा? वड-पिंपळाची नोंद करताना त्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचाही आधार घेतला होता. डचांनी मलबारात तयार करवलेल्या या ग्रंथामागे इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या कोचीनच्या तीन कोंकणी वैद्यांचे ज्ञान होते. १६७८ च्या पहिल्या खंडात या तिघांची देवनागरीतली साक्ष छापलेली आहे. पाटीवर मात्र अक्षर एकच. ते वाचताना मला आता ही माणसेही आठवतात.

त्या अक्षराची किंमत इतरांनीही मोजली. लिनिअसने आपले विद्यार्थी दूरदेशी पाठवले. त्यांतले अनेक परतलेच नाहीत. फोर्सकोल १७६३ मध्ये येमेनमध्ये वारला. आणि नावे देण्याच्या या हव्यासाने एकदा त्याची वाटही चुकली. माणसाला वानरांच्या शेजारी बसवण्याचे धैर्य दाखवणाऱ्या याच माणसाने मानवजातीचे रंगावरून चार भाग पाडले, त्यांना स्वभावही चिकटवले. त्या चुकीची फळे जगाने पुढे फार काळ भोगली.

१७७४ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. हळूहळू स्मृती गेली. शेवटी त्याला स्वतःचे नावही आठवत नसे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी तो गेला.

आता कुठल्याही बागेत ती पाटी दिसली, की मी क्षणभर थांबतो. जे नाव त्याला आठवेना, त्याचे पहिले अक्षर पिंपळाखाली अजून उभे आहे.